एका शेतकरी घराण्याचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांपैकी एखाद्या विषयावर बोलू. गेली तीस वर्षे गेटसभांतून आम्ही तेच बोलत आलो आहोत आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलेही असेल. म्हणून यंदा आम्ही परवानगी मागून घेतली आणि विषय निवडला तो अमेरिकेतील एका शेतकरी घराण्याचा. चालकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "तुमचा आणि त्यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही अमेरिकेस गेलेलो नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सारे घरी गेल्यावर. इंग्रजी शिकलो तेही कायद्याची कलमे लावता यावीत म्हणून, शब्दकोश शेजारी ठेवून.

आमच्या मुलीला शाळेत एक पुस्तक बक्षीस मिळाले होते. लॉरा इंगल्स वायल्डर नावाच्या बाईंनी आपल्या लहानपणाच्या हकिगती त्यात लिहिल्या आहेत. इंग्रजी सोपे म्हणून आम्ही ते हाती घेतले आणि मग त्या घराण्याविषयी जे जे मिळेल ते वाचीत गेलो. वाचताना ध्यानात आले की, माणसाने आपल्या मनगटावर उभे राहावे, सरकारची, संघटनेची, शेजाऱ्याची कास धरू नये, असे म्हणणारे पुष्कळ लोक अमेरिकेत याच घराण्याकडे बोट दाखवतात. आम्ही पडलो संघटनेची माणसे. तेव्हा या घराण्याचा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहावा असे आम्हांस वाटले. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेच्या नकाशात मधोमध, मिसिसिपी नदीच्या दोन्ही अंगांस विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, कॅन्सस, डाकोटा हे प्रांत आहेत. त्या मुलखास तेथे मध्यपश्चिम म्हणतात. त्यातला मोठा भाग म्हणजे प्रेअरी, नजर पोचेल तेथवर गवताचा माळ. चार्ल्स इंगल्स हा आपल्या कथेतला पहिला पुरुष. त्याचा जन्म १८३६ साली पूर्वेकडे न्यूयॉर्क संस्थानात झाला. बाप जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागून मुले गेली. १८६० साली चार्ल्सचे लग्न विस्कॉन्सिनमध्ये कॅरोलाइन क्वायनर या मुलीशी झाले. पेपिन गावाजवळच्या रानात त्यांनी लाकडी ओंडक्यांचे घर बांधले. तेथे १८६५ साली मेरी आणि १८६७ साली लॉरा या मुली झाल्या.

आता जमेची पहिली रक्कम पाहू. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखाने अर्ज करावा, थोडीशी फी भरावी, पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसावी, म्हणजे १६० एकर त्याच्या मालकीचे. या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख कुटुंबांस मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनाही सरकारी जमिनी देण्याचा मोठा कायदा झाला आणि शेतकी महाविद्यालयांना जमीन देण्याचाही झाला. हे सारे सरकारने केले. आपल्याकडे शेतमजुराला दोन एकर गायरान मिळावे म्हणून अर्ज केला तर किती वर्षे हेलपाटे घालावे लागतात ते आपण जाणता. १६० एकर ज्या घराण्याला कायद्याने मिळतात, ते केवळ मनगटाने उभे राहिले असे म्हणता येईल काय?

पण जमीन सरकारजवळ आली कोठून? येथे या कथेतले सर्वांत दुखरे पान आहे. १८६९ साली इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये इंडिपेंडन्स गावाजवळ जाऊन राहिले. चार्ल्सने घर बांधले, विहीर खणली, जमीन नांगरली. परंतु ती जमीन ओसेज लोकांची होती. तहाने त्यांना राखून दिलेल्या टापूत ती मोडत होती आणि वसाहतीस खुली झालेली नव्हती. इंगल्सांजवळ तिचा कागद नव्हता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते अतिक्रमण होते, आणि असे करणारे ते एकटे नव्हते, हजारो होते. १८७० च्या जुलैत ओसेजांना हलविण्याचा कायदा झाला. कॅन्ससची जमीन विकून जे पैसे आले, त्यांतूनच त्यांना आजच्या ओक्लाहोमातली नवी जागा विकत घ्यावी लागली. त्याच मुक्कामात इंगल्स कुटुंब हिवतापाने आडवे पडले होते, तेव्हा ज्यांनी त्यांना औषध देऊन उठवले ते डॉक्टर टॅन कृष्णवर्णी होते. १८७१ साली, विस्कॉन्सिनच्या घराचा खरेदीदार पैसे देऊ शकेना म्हणून, इंगल्स आपल्या जुन्या घरी परतले.

या मुक्कामावर लॉराबाईंनी १९३५ साली पुस्तक लिहिले. त्यात एके ठिकाणी अशा अर्थाचे वाक्य होते की, त्या मुलखात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत. पुढे एका वाचकाने त्याकडे लक्ष वेधले. बाईंनी चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतवाले' असा शब्द घातला. २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संस्थेने बालसाहित्याच्या एका मोठ्या पुरस्काराचे, लॉराबाईंच्या नावाचे, नावच बदलले. त्यावरून तेथे पुष्कळ वाद झाला.

हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा बाईंचा राग आला. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. एका कारखान्यात आम्ही संप केला होता. तिसऱ्या दिवशी गेटवर उभे राहून आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "आज एकही माणूस आत गेलेला नाही!" टाळ्या झाल्या. सभा मोडल्यावर एक बाई जवळ आली. हातात डबा, डोक्याला फडके. म्हणाली, "दादा, आम्ही अकराजणी आत होतो. झाडायला. आमची नावं तुमच्या युनियनमध्ये घेत न्हाईत, मग आम्ही भाईर ऱ्हाऊन काय खायचं?" त्या कंत्राटदाराच्या बाया होत्या. रोज आमच्या समोरून जात-येत होत्या, आणि आमच्या मोजणीत त्या माणसे नव्हत्या. लॉराबाईंचे वाक्य तर छापलेले होते. ते सापडले आणि दुरुस्त झाले. आमचे वाक्य हवेत विरले, म्हणून आम्ही सुटलो. त्या बायांना सभासद करून घेण्यास आम्हांस पुढे चार वर्षे लागली.

असो. १८७४ साली इंगल्स मिनेसोटात वॉलनट ग्रोव्ह येथे आले. हाही मुलूख पूर्वी डाकोटा लोकांचा. १८६२ साली तेथे युद्ध होऊन, डिसेंबरात मॅनकाटो गावी ३८ डाकोटांना एकाच दिवशी फाशी दिलेले होते. इंगल्स कुटुंब प्रथम ओढ्याच्या दरडीत खणलेल्या घरात राहिले. मग गव्हाच्या भरवशावर चार्ल्सने चांगले घर बांधले. गहू ओंबीवर आला आणि टोळधाड उतरली. आकाश झाकोळून टाकणारे ते टोळ शेत, भाजी, गवत, सारे खाऊन गेले आणि जमिनीत अंडी घालून गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. कर्ता पुरुष फाटके बूट घालून पूर्वेकडे पायी गेला आणि दुसऱ्यांच्या शेतांत रोजावर कापणी करू लागला. म्हणजे पहा, ज्याला आपण स्वतंत्र शेतकरी म्हणतो तो दोन हंगामांत मजूर झाला.

१८७५ च्या नोव्हेंबरअखेर चार्ल्स इंगल्सने अधिकाऱ्यापुढे शपथेवर लिहून दिले की, आपल्यापाशी निर्वाहाचे काहीही साधन नाही. त्याबद्दल त्याला पिठाची दोन अर्धी पिंपे मिळाली. हा कागद आज उपलब्ध आहे. लॉराबाईंच्या पुस्तकांत मात्र तो नाही. पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर झालेले पिल्सबरी यांचे घराणे पिठाच्या गिरण्यांचे. सरकारी मदतीने माणसे दुबळी होतात, असे त्यांचे मत. त्यांनी १८७७ साली टोळांसाठी २६ एप्रिल हा प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. प्रार्थनेला आमची हरकत नाही. पण पिठाच्या गिरणीवाल्याने पिठाऐवजी प्रार्थना सुचवावी, हे जरा चमत्कारिक दिसते.

बापाने तो कागद मुलींना दाखवला नसावा, हे आम्ही समजू शकतो. १९८२ च्या गिरणी संपात आमचे वडील एकदा धान्यवाटपाच्या रांगेत उभे राहिले, यादीवर सही केली, पायलीभर ज्वारी घेऊन घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांनी सांगितले ते एवढेच, की आपण संपात कुणापुढे हात पसरला नाही. रांगेची गोष्ट आम्हांस आईकडून कळली, तीही ते गेल्यावर.

टोळांनी हरलेले कुटुंब १८७६ साली आयोवात बर ओक गावी एका हॉटेलात काम करण्यास गेले. वाटेत नऊ महिन्यांचा मुलगा वारला. बर ओकला देणे झाले, ते फिटेना. तेव्हा एका रात्री गाडी जुंपून त्यांनी गाव सोडले. मुलगा आणि हे गाव, दोन्ही त्या प्रसिद्ध पुस्तकांतून गाळलेली आहेत. बाईंनी १९३० साली लिहिलेल्या आणि २०१४ साली छापल्या गेलेल्या मूळ आठवणींत ती सापडतात.

१८७९ साली दोन गोष्टी घडल्या. चौदा वर्षांच्या मेरीची दृष्टी गेली. आणि चार्ल्सने रेल्वेच्या कामावर दुकान-हिशेबाची नोकरी धरली, महिना पन्नास डॉलरची. रेल्वे डाकोटात चालली होती. तेथला एक प्रसंग आम्ही दोनदा वाचला. कंपनी मजुरांचा पंधरा दिवसांचा पगार नेहमी हाती राखून ठेवी. पगाराच्या वेळी मजूर संतापून दुकानाच्या दारावर जमले आणि चार्ल्स एकटा आत. त्याने शांतपणे बोलून त्यांना परत धाडले. बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी तो प्रसंग लिहिलेला आहे आणि बापाच्या धैर्याविषयी आमच्याही मनात आदर आहे. परंतु खरे सांगतो, वाचताना आमचे लक्ष सारखे दाराबाहेर जात होते. पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवण्याची ती युक्ती आम्ही कितीतरी गेटांवर पाहिली आहे. बाहेरच्या त्या माणसांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

१८८० साली चार्ल्सने डी स्मेट गावाजवळ होमस्टेडचा अर्ज केला. आणि त्याच ऑक्टोबरात पहिले हिमवादळ आले. पुढचे सहा-सात महिने वादळामागून वादळ. बर्फाने रुळ गाडले गेले, आगगाड्या बंद पडल्या, कोळसा संपला, पीठ संपले. लोक गवत पिळून त्याच्या कांड्या करीत आणि त्या जाळून ऊब घेत. गहू कॉफी दळण्याच्या हातयंत्रात दळीत. गाव उपाशी मरणार असे दिसू लागले तेव्हा ॲलमान्झो वायल्डर आणि कॅप गार्लंड हे दोन तरुण जीव मुठीत धरून मैलोगणती बर्फ तुडवीत गेले आणि एका शेतकऱ्याकडचा गहू घेऊन आले. आगगाडी आली ती १८८१ च्या मे महिन्यात. त्या हिवाळ्यात एकेकटे राहिलेले कोणतेही घर तगले नसते. गाव तगले म्हणून घरे तगली.

त्याच वर्षी अंध मेरी आयोवातील व्हिंटन येथे अंधांच्या महाविद्यालयात दाखल झाली. तेथे ती पुढे १८८९ पर्यंत शिकली. तिच्या शिक्षणाचा खर्च डाकोटा प्रांताने दिला. कपडे आणि प्रवास घरच्यांनी पाहिला. त्यासाठी लॉरा शिवणकाम करी आणि सोळाव्या वर्षी, बर्फात, दूरच्या शाळेत शिकवायला गेली. दोन महिन्यांचे चाळीस डॉलर. जमेच्या बाजूला घराण्याचे कष्ट आणि प्रांताचा पैसा, दोन्ही शेजारी शेजारी मांडावे लागतात. एक खोडले तर बेरीज जुळत नाही.

१८८६ साली चार्ल्सला जमिनीची मालकी मिळाली. तीच ती साल, ज्या साली शिकागोत मॅककॉर्मिकच्या कारखान्याच्या गेटवर ३ मे रोजी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि ४ मे रोजी हेमार्केटचा प्रसंग घडला. परवाच आपण ज्या मे दिनाला जमलो होतो, तो त्यातूनच आला. हा कारखाना कसला, ठाऊक आहे? कापणीच्या यंत्रांचा. प्रेअरीचा गहू ज्या यंत्रांनी कापला जाई, ती करणारे हात आठ तासांचा दिवस मागत होते. शेतकरी व्याजाने यंत्र घेई, कामगार ते पोटासाठी करी, आणि दोघांची गाठ पडत नसे. आमच्या मते त्या देशाच्या इतिहासातली ती एक मोठी चुकामूक होती.

आणि मालकी मिळालेल्या जमिनीचे काय झाले? १८९२ साली चार्ल्सने ती विकली. तो गावात राहून सुतारकाम करू लागला आणि १९०२ साली वारला. पस्तीस-चाळीस वर्षे जमिनीमागे धावलेला माणूस शेवटी मिस्त्री म्हणून गेला.

दुसरी पिढी लॉराची. १८८५ साली तिने त्याच ॲलमान्झोशी लग्न केले. नव्या घरावर पाचशे डॉलरचे कर्ज आहे, हे तिला लग्नानंतर कळले. यंत्रे, गाड्या हप्त्यांवर. १८८६ साली मुलगी झाली, तिचे नाव रोझ. मग गारपीट, अवर्षण. घटसर्प होऊन नवऱ्याचे पाय अधू झाले. १८८९ साली तान्हा मुलगा गेला आणि त्याच महिन्यात घर जळाले. १८९४ साली ते डाकोटा सोडून साडेसहाशे मैलांवर मिसुरी प्रांतात मॅन्सफील्ड येथे आले. लॉराने शिंप्याच्या कामावर दिवसाला एक डॉलर मिळवून साठवलेली शंभराची नोट लिहिण्याच्या पेटीत दडवलेली होती. ती काही दिवस सापडेना तेव्हा त्या घरावर काय वेळ आली असेल, हे पगाराचे पाकीट हरवलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. नोट सापडली, चाळीस एकर घेतले, सफरचंदाची झाडे लावली, कोंबड्या पाळल्या, गावात बिऱ्हाड करून जेवणे घातली. वीस वर्षांनी शेत उभे राहिले. पुढे लॉराबाई मॅन्सफील्डच्या शेतकरी कर्जसंस्थेच्या चिटणीस झाल्या आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ते काम केले. १९१६ च्या कायद्याने, सरकारी पाठबळाने निघालेल्या या संस्था सावकारापेक्षा सोप्या अटींवर शेतकऱ्यास कर्ज देत. म्हणजे स्वावलंबनाची देवता मानली गेलेली ही बाई आमच्यासारखीच एका संस्थेची चिटणीस होती! हे वाचले त्या दिवशी आम्हांस त्या घरच्या वाटू लागल्या.

तिसरी पिढी रोझ वायल्डर लेन. दारिद्र्यात वाढलेली ही मुलगी तारायंत्रावर काम करून पुढे नामांकित लेखिका झाली. आईबापांना तिने वर्षानुवर्षे पैसे पाठवले, १९२८ साली त्यांना दगडी घर बांधून दिले. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात तिची पुंजी बुडाली, आणि त्या तंगीतच आईच्या आठवणींची पुस्तके जन्मास आली. १९३२ ते १९४३ या काळात आठ पुस्तके निघाली. त्यांवर लेकीचा हात फिरलेला होता. हीच रोझबाई रूझवेल्ट यांच्या मदतीच्या योजनांची आणि म्हातारपणाच्या सरकारी विम्याची कडवी विरोधक होती. तिचे म्हणणे, आमच्या वाडवडिलांना कुणी काही दिले नाही. फुकट म्हटलेली जमीनही त्यांनी रक्ताचे पाणी करून फेडली. यातला उत्तरार्ध अगदी खरा आहे. टोळ, कर्ज, मेलेली मुले, अधू पाय ही किंमत आम्ही नाकारत नाही. पूर्वार्ध मात्र खोटा आहे. ओसेजांची भूमी, होमस्टेडचा कायदा, पिठाची पिंपे, मेरीचे शिक्षण, गावाचा गहू, कर्जसंस्था या साऱ्या रकमा वहीत आहेत. फक्त त्यांवर शाई सांडली गेली.

रोझबाई १९६८ साली वारल्या. त्यांना मूल राहिलेले नव्हते. लॉराच्या बहिणींनाही नव्हते. अशा रीतीने चार्ल्स आणि कॅरोलाइन यांचा वंश तेथे संपला. ज्या जमिनीसाठी एवढे सोसले, ती नांगरायला त्यांच्या रक्ताचे कुणी उरले नाही. उरली ती पुस्तके. आणि पुस्तकांतला हिशेब लोक खरा मानतात, म्हणून तो तपासावा लागतो.

आम्ही ही कथा कुणाचा अपमान करण्यासाठी सांगितली नाही. ती माणसे शूर होती, मायाळू होती. पण मदत घेतल्याने शौर्य कमी होते, असे त्यांना आणि आमच्या वडिलांना कुणी शिकवले? ही लाज कुणी पेरली? ज्याला ती रांग लपवावीशी वाटते, त्याचाच मुलगा उद्या रांगेतल्या दुसऱ्याला फुकटखाऊ म्हणतो. घराण्याची गोष्ट सांगताना रांग सांगा, शेजारी सांगा, आणि आपल्या अंगणाखाली कुणाची जमीन गेली तेही सांगा.

त्या संपानंतर आम्ही एक सवय लावून घेतली आहे. गेटवर 'सगळे' असा शब्द तोंडात आला की थांबतो आणि झाडणाऱ्या बायांकडे पाहतो. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारावे, की वाईट दिवसांत आपल्या घरी धान्य कुणाकडून आले होते. नाव आठवले तर ते मुलांना सांगावे.